डिके रूम भरली, पिशव्यांवर तारखा नाहीत: आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात न्यूक्लिअर मेडिसिन (किरणोत्सर्गी औषधांनी तपासणी आणि उपचार) विभाग सुरू होऊन दीड वर्ष झालं. टेकनेशियमचा जनरेटर (मॉलिब्डेनमपासून टेकनेशियम काढायचं उपकरण) ठरल्याप्रमाणे येतो, पेट स्कॅनसाठी फ्लोरिन-१८ चं एफडीजी (किरणोत्सर्गी साखर) गाडीने येतं आणि थायरॉइडच्या रुग्णांना आयोडीन-१३१ ची लहान मात्रा बाह्यरुग्ण म्हणून देतात. डिके रूम, म्हणजे किरणोत्सर्गी कचरा जिरेपर्यंत ठेवायची खोली, आता दारापर्यंत भरली आहे. निम्म्या पिशव्यांवर ना आयसोटोपचं (आत कोणतं किरणोत्सर्गी द्रव्य आहे त्याचं) नाव, ना तारीख. मागच्या महिन्यात बायोमेडिकल कचऱ्याच्या गाडीवाल्याचं मशीन एका पिशवीवर वाजलं, तेव्हापासून तो या विभागाची पिशवीच उचलत नाही. प्रशासनाचं म्हणणं, "दहा हाफ-लाइफ होऊन गेल्या असतील, टाकून द्या." (हाफ-लाइफ म्हणजे मात्रा निम्मी व्हायला लागणारा काळ.) मग हा कचरा टाकायचा कुठे, हा पहिला प्रश्न. त्यात पुढच्या वर्षी आयोडीन थेरपीचे दोन बेड सुरू व्हायचेत. त्यासाठी ६,००० लिटरच्या दोन डिले टँक (रुग्णांच्या खोल्यांचं सांडपाणी जिरेपर्यंत अडवायच्या टाक्या) पुरतील का, हा शेवटचा प्रश्न.

तुम्ही विचारलंय "कचरा टाकायचा कुठे". आपल्या विभागातला जवळपास सगळा कचरा मुळात कुठे न्यायचाच नसतो. तो ठेवून द्यायचा, काळ आपलं काम करतो, आणि मग तो साधा बायोमेडिकल कचरा होऊन इतरांबरोबर जातो. अणुभट्टीच्या इंधनातून निघणारा कचरा, जो तारापूर, ट्रॉम्बे आणि कल्पाक्कमला बोरोसिलिकेट काचेत वितळवून बंद करतात, तो संसारच वेगळा. आपलं घोडं अडतं ते माहितीपाशी. पिशवीत काय आहे आणि ती कधी बंद झाली, या दोन गोष्टी माहीत असतील तर उरतं ते त्रैराशिक. त्या माहीत नसतील तर पाच किलोची पिशवीही वर्षभर जागा अडवून बसते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. एईआरबीने (अणुऊर्जा नियामक मंडळाने) तुम्हाला दिलेल्या परवान्यात कोणते आयसोटोप आणि किती मात्रा आहेत, विल्हेवाटीच्या कोणत्या अटी आहेत, ते तुमच्या आरएसओने (रेडिएशन सेफ्टी ऑफिसरने) काढून समोर ठेवायचं. खाली जे लिहितोय ते त्या अटींच्या आत राहून करायचं आहे, त्यांच्याऐवजी नाही. दुसरं, तुमच्याकडे किरणोत्सर्ग मोजायचा कोणता मीटर आहे यावर बरंच ठरेल. तिसरं, रुग्णालयाची ड्रेनेजची रचना. ती पाहिल्याशिवाय टाकीचं अंतिम माप कुणीही सांगू नये. मी आकडेमोड दाखवतो, आकडे तुमचे घाला.

आधी निनावी पिशव्या. त्या उघडून आत काय आहे ते हाताने चाळायचं नाही. सुया असतात, आणि कोरडं झालेलं आयोडीन हातमोज्यावरून कुठे कुठे जातं ते नंतर शोधत बसावं लागतं. पिशवीला स्वतःच बोलू द्यायचं: आज मोजा, २४ तासांनी मोजा, सात दिवसांनी मोजा. किती घटलं यावरून हाफ-लाइफ कळते, आणि हाफ-लाइफ म्हणजेच ओळखपत्र.

टेकनेशियम-९९एम ची हाफ-लाइफ सहा तास, म्हणजे २४ तासांनी वाचन सोळाव्या हिश्शावर यायला हवं. फ्लोरिन-१८ ची ११० मिनिटं, दुसऱ्या दिवशी काहीच उरत नाही. मॉलिब्डेनम-९९ ची ६६ तास, एका दिवसात वाचन साधारण ७८ टक्क्यांवर येतं. आयोडीन-१३१ ची आठ दिवस, दुसऱ्या दिवशी ९२ टक्के आणि आठवड्याने ५५ टक्के. सात दिवसांनीही वाचन जागचं हललं नाही तर त्या पिशवीत लांब आयुष्याचं काहीतरी गेलंय, बहुधा एखादा चेक सोर्स, म्हणजे यंत्रं तपासायला ठेवलेला किरणोत्सर्गी नमुना. तिच्याकडे नंतर येऊ.

ही मोजमापं बिघडतात ती बहुतेक वेळा अंतरामुळे. पहिल्या दिवशी मीटर पिशवीला टेकवून धरला आणि दुसऱ्या दिवशी चार बोटं लांब, तर आयोडीनची पिशवीही टेकनेशियमसारखी वागल्याचा भास होतो. जमिनीवर चिकटपट्टीने दोन खुणा करा, एक पिशवीसाठी आणि एक मीटरसाठी, मध्ये ३० सेंटिमीटर. पिशवीची कोणती बाजू मीटरकडे होती ते मार्करने पिशवीवरच लिहा. प्रत्येक वेळी त्या जागेची पार्श्वभूमी वेगळी मोजून वजा करा. वजाबाकी विसरलात तर मंद पिशवी कधीच घटताना दिसणार नाही, कारण तुम्ही खोलीच मोजत असता.

विभागात थायरॉइड अपटेक प्रोब (थायरॉइडने किती आयोडीन घेतलं ते मोजणारं उपकरण) असेल आणि त्याला स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किरण किती याचा आलेख, दाखवायची सोय असेल तर आठवडाभर थांबायची गरज नाही. टेकनेशियमचं शिखर १४० केईव्हीला (केईव्ही हे किरणांच्या ऊर्जेचं एकक), आयोडीन-१३१ चं ३६४ ला, फ्लोरिनचं ५११ ला आणि सिझियम-१३७ चं ६६२ ला दिसतं. एकच फसवी जागा आहे: गॅमा कॅमेऱ्याच्या क्वालिटी कंट्रोलसाठी वापरतात त्या कोबाल्ट-५७ चं शिखर १२२ ला येतं, आणि प्रोबमधल्या सोडियम आयोडाइडच्या स्फटिकावर ते १४० पासून स्वच्छ वेगळं दिसत नाही. तिथे पुन्हा २४ तासांची मोजणीच निकाल देते. टेकनेशियम दुसऱ्या दिवशी सोळाव्या हिश्शावर येईल. कोबाल्ट-५७ ची हाफ-लाइफ २७२ दिवस, तो जागचा हलणार नाही.

न घटणाऱ्या पिशव्यांबद्दल. डोस कॅलिब्रेटर (मात्रा मोजायचं यंत्र) तपासायची सिझियमची छोटी कुपी, कॅमेरा तपासायचा कोबाल्टचा फ्लड सोर्स, किरणोत्सर्गी टोकाचं मार्कर पेन, हे सगळे सीलबंद स्रोत. ते डिके रूममध्ये 'जिरवायला' ठेवायचेच नसतात. सिझियम-१३७ ची हाफ-लाइफ ३० वर्षं आहे. इमारत पाडायची वेळ येईल तरी तो तिथेच असेल. त्याची वाट एकच: ज्याने पुरवला त्याला परत, किंवा अणुऊर्जा विभागाच्या मान्यताप्राप्त सुविधेकडे, आणि दोन्हींसाठी एईआरबीची परवानगी आधी. परत पाठवायची अट खरेदीच्या करारातच घालून घ्या, कारण दहा वर्षांनी पुरवठादार फोन उचलेलच असं नाही. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात जे झालं त्याचं मूळ असंच होतं. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पडून असलेला कोबाल्ट-६० चा गॅमा सेल भंगार म्हणून लिलावात गेला, भंगारवाल्यांनी तो तोडला आणि एका कामगाराचा जीव गेला. तुमच्या कुपीची ताकद त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, पण चूक त्याच जातीची: सोर्स यादीतून निसटला.

आता "दहा हाफ-लाइफ". हा नियम अंदाजाला ठीक आहे, निकालाला नाही. दहा हाफ-लाइफनंतर मूळच्या १,०२४ व्या हिश्शाइतकं उरतं. कशाचा १,०२४ वा हिस्सा, हे कुणी विचारत नाही. आयोडीनच्या कुपीत तळाशी १८५ मेगाबेकरेल, म्हणजे ५ मिलिक्युरी उरलं होतं असं धरा (बेकरेल आणि क्युरी ही किरणोत्सर्गाची एककं). ८० दिवसांनी त्यात अजून १८० किलोबेकरेल असतं आणि चांगला मीटर ते दारातूनच ओळखतो. सोळा हाफ-लाइफ, म्हणजे १२८ दिवस थांबलात तर ३ किलोबेकरेलच्या खाली येतं. उलट त्याच खोलीतले हातमोजे आणि पेपर टॉवेल, ज्यांच्यावर मुळातच काही किलोबेकरेल होतं, ते सहा-सात हाफ-लाइफमध्येच शांत होतात. म्हणून कुपी आणि हातमोजे एका पिशवीत टाकले की हातमोजेही १२८ दिवस अडकतात. तुमची खोली भरण्याचं अर्धं कारण हेच असणार.

टेकनेशियमच्या पिशवीत एकूण ३७० मेगाबेकरेल गेलं असेल तर ते १ किलोबेकरेलवर यायला साडेअठरा हाफ-लाइफ लागतात, म्हणजे १११ तास. शुक्रवारी संध्याकाळी बंद केलेली पिशवी पुढच्या शुक्रवारी निर्धास्त मोजायला घ्या. मात्र जनरेटरमधून काढलेल्या एल्युशनच्या (टेकनेशियमच्या द्रावणाच्या) कुप्या तिच्यात घालू नका. त्यात मॉलिब्डेनमची शेपटी असते. मान्य मर्यादेत, म्हणजे दर मेगाबेकरेल टेकनेशियममागे ०.१५ किलोबेकरेलपर्यंत. टेकनेशियम आठवड्यात संपतं, मॉलिब्डेनम आठवड्याने सहाव्या हिश्शाइतकं उरलेलं असतं. कुप्या वेगळ्या डब्यात तीन आठवडे ठेवल्या की प्रश्न मिटतो. वापरलेला जनरेटर स्वतः उघडायचा नाही, पुरवठादाराच्या परतीच्या पद्धतीनेच पाठवायचा.

शेवटचा निकाल मीटरचा असतो, कॅलेंडरचा नाही. आणि इथेच सर्वांत जास्त गफलत होते, कारण पिशवी डिके रूमच्या आतच मोजली जाते. आत पार्श्वभूमी आधीच चढलेली असते, त्यात मंद पिशवी लपून जाते आणि 'बॅकग्राउंड' म्हणून बाहेर पडते. पिशवी बाहेर काढा, शांत जागी न्या. शक्यतो ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवू नका. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाची पार्श्वभूमी कमी असते, पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटची जास्त, आणि तेवढ्याने वाचन हलतं. लाकडी टेबल बरं.

मीटर सोडियम आयोडाइडचा असेल तर उत्तम. पॅनकेक प्रकारचा गायगर असेल तर एक लक्षात ठेवा: आयोडीनचा बीटा (कमी भेदक कण) पाण्याच्या दोनेक मिलिमीटरमध्येच थांबतो, पिशवीच्या पोटातून तो बाहेर येतच नाही. बाहेर येतो तो गॅमा (आरपार जाणारा किरण), आणि गॅमाला हा मीटर बराच आंधळा. आयन चेंबरचा सर्व्हे मीटर तर या कामाचाच नाही. तो डोस रेटसाठी चांगला, इतक्या मंद मोजणीला त्याचा काटा हलत नाही. इट्रियम-९० सारखे जवळजवळ शुद्ध बीटा देणारे आयसोटोप कधी वापरलेत, तर पिशवीबाहेरच्या वाचनावर अजिबात विसंबू नका. तिथे नोंदवहीतली तारीख हाच आधार.

मोजायची पद्धत: पिशवीपासून एक सेंटिमीटरवर मीटर धरून सहाही बाजूंनी सावकाश फिरवा, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. जिथे आवाज वाढल्यासारखा वाटेल तिथे थांबून पूर्ण मिनिट मोजा. समजा पार्श्वभूमी मिनिटाला ३०० काउंट येते. तिचं वर्गमूळ सतरा-अठरा, तिप्पट केलं तर ५२. म्हणजे ३५० च्या आतलं वाचन पार्श्वभूमीपासून वेगळं सांगता येत नाही. ३८० आलं तर पिशवी परत आत, पुढच्या तारखेसह. "थोडंच जास्त आहे" असा शेरा नोंदवहीत दिसता कामा नये. आणि पिशवीत शिशाचा डबा नाही ना, हे हाताने वजन घेऊन पाहा. डब्यात कुपी तशीच राहिलेली असली तर बाहेरून सगळं छान दिसतं. शिसं वेगळं काढायचं, वेगळं तपासायचं आणि परत वापरायचं.

पिशवी पास झाली की किरणोत्सर्गाच्या तीन पाकळ्यांच्या खुणेचं लेबल काढून टाका किंवा काळ्या मार्करने पुरतं खोडा. हे विसरलं तर पुढचा त्रास ठरलेला: ती खूण असलेली रिकामी पिशवी डंपिंग ग्राउंडवर सापडली की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो. त्यानंतर कचरा त्याच्या रंगात जातो: कापूस-बोळे आणि डायपर पिवळ्यात, सुईविना सिरिंज आणि नळ्या लालमध्ये, सुया पांढऱ्या न भेदता येणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. हे वर्गीकरण शेवटी करत बसू नका; कचरा पडतानाच रंगाप्रमाणे पडला पाहिजे. २०१६ च्या बायोमेडिकल नियमांतून किरणोत्सर्गी कचरा वगळलेला आहे, म्हणून ४८ तासांत पाठवायची अट डिके होईपर्यंत लागू होत नाही. तो शांत झाला म्हणजे लागू होते. तेव्हा पास झालेल्या पिशव्या परत त्याच खोलीत रचून ठेवू नका.

गाडीवाल्याचं मशीन वाजलं ती पिशवी तुमच्या विभागाची होती का, हेही तपासा. बऱ्याचदा ती वॉर्डातली असते. बोन स्कॅन झालेला आजोबांच्या वयाचा रुग्ण वॉर्डात परत जातो, त्याचा डायपर आणि युरिन बॅग वॉर्डच्या पिवळ्या पिशवीत पडते आणि सकाळी सातला मावशी ती नेहमीप्रमाणे खाली नेतात. स्कॅन झालेल्या दाखल रुग्णाच्या केसपेपरवर ठसठशीत शिक्का मारा, त्याचा कचरा वेगळ्या पिशवीत ठेवायला सांगा: एफडीजी असेल तर २४ तास, टेकनेशियम असेल तर ४८ तास. वॉर्डच्या सिस्टरला कारण एका वाक्यात समजलं तर त्या पाळतात. नुसतं परिपत्रक लावलं तर पाळत नाहीत. गाडीवाल्यालाही एकदा विभागात बोलवा. पास झालेली पिशवी त्याच्याच मशीनसमोर धरा आणि वाचनाची नोंद लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक खेपेला द्या.

आता नवा कचरा. हॉट लॅबमध्ये (किरणोत्सर्गी औषधं तयार करायच्या खोलीत) आणि इंजेक्शन रूममध्ये पायाने उघडणारे शिशाच्या आवरणाचे डबे, प्रत्येक आयसोटोपला वेगळे. टेकनेशियमला फार शिसं लागत नाही, पाव-अर्धा मिलिमीटरमध्येच किरण निम्मे होतात; आयोडीनला त्यासाठी तीनेक मिलिमीटर लागतात, फ्लोरिनला चार-पाच. पिशवी पाऊण भरली की बंद करायची, कारण काठोकाठ भरलेली पिशवी बांधताना फाटते. बांधतानाच तिच्यावर आयसोटोप, बंद केल्याची तारीख-वेळ, पृष्ठभागावरचं वाचन, अंदाजे मात्रा आणि बंद करणाऱ्याची सही. लेबल कागदी नको, पावसाळ्यात डिके रूमच्या दमटपणात शाई पसरते आणि डिंक सुटतो. प्लास्टिकचा टॅग, झिप टायने. खोलीत रचना आयसोटोपप्रमाणे आणि आतमध्ये तारखेप्रमाणे, जुनं पुढे. किल्ली आरएसओ आणि ड्यूटीवरचा टेक्नॉलॉजिस्ट यांच्याकडेच. सफाईच्या मामांकडे गठ्ठ्यातली किल्ली असते, त्यात ही नको.

आयोडीनच्या कचऱ्याची एक खोड सांगितलीच पाहिजे, कारण रुग्णालयाची चांगली सवयच इथे घात करते. कचरा एक टक्का हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचमध्ये) बुडवायची आपल्याला सवय असते. आयोडाइडच्या द्रावणात ब्लीच किंवा आम्ल पडलं की त्यातून आयोडीन वायुरूपात सुटू शकतं, आणि ते श्वासातून थेट थायरॉइडला जातं. आयोडीन सांडलं तर सोडियम थायोसल्फेटच्या पाण्याने पुसा, त्याने ते आयोडाइडच्या रूपात बांधून राहतं. मात्रा उघडताना आणि उरलेली ठेवताना फ्यूम हूड (वाफा बाहेर खेचणारं कपाट) चालू हवा. याच कारणाने आयोडीनची अर्धवट डिके झालेली पिशवी भट्टीत जाता कामा नये. राखेत काही राहत नाही, सगळं धुराड्यातून वर जातं.

थेरपीचे बेड सुरू झाले की उष्टंही कचऱ्यात धरायचं. आयोडीन लाळेत उतरतं. लाळ सुटावी म्हणून आपण लिंबाच्या फोडी आणि आंबट गोळ्या देतो, म्हणजे चोखलेली फोड ही त्या खोलीतली बऱ्यापैकी किरणोत्सर्गी वस्तू असते. ताटात आंब्याची कोय, हाडं, शेंगांची टरफलं येतील असं जेवण देऊ नका. जे वाढलं ते संपावं असं वाढा. उरलेलं दुहेरी पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये. साध्या डिके रूममध्ये ठेवलं तर तिसऱ्या दिवशी वास, आठव्या दिवशी उंदीर, आणि उंदराने फाडलेली आयोडीनची पिशवी हे प्रकरण निस्तरायला एक दिवस पुरत नाही. फ्रीझर विजेच्या जनरेटरच्या लाइनवर घ्या.

पुढे ल्युटेशियम-१७७ आणि गॅलियम-६८ येणार असेल तर त्यांचे डबे पहिल्या दिवसापासून वेगळे. भारतात ल्युटेशियम अणुभट्टीत थेट विकिरण करून बनवतात, त्यात ल्युटेशियम-१७७एम चा अगदी थोडा अंश येतो, आणि त्याची हाफ-लाइफ १६० दिवस. उदाहरण म्हणून सिरिंजमध्ये ३७ मेगाबेकरेल उरलं आणि हा अंश दहा हजारात एक धरला, तर शंभर दिवसांनी मूळ ल्युटेशियम एका किलोबेकरेलवर आलेलं असतं आणि 'एम' अजून अडीच किलोबेकरेलच्या जवळ. त्यानंतर पिशवी आठवडेच्या आठवडे घटत नाही असं वाटतं आणि लोक मीटरला दोष देतात. गॅलियमचंही तेच: ६८ मिनिटांच्या गॅलियमच्या मागे जनरेटरमधून निसटलेलं जर्मेनियम-६८ येतं, २७१ दिवसांचं. मान्य मर्यादा ०.००१ टक्के आहे, म्हणजे १ गिगाबेकरेलमागे १० किलोबेकरेलपर्यंत. लेबलिंग करताना, म्हणजे गॅलियम औषधाला जोडताना, कार्ट्रिजमधून जे पाणी टाकाऊ बाटलीत जातं, त्यातच ते जमतं. "गॅलियम आहे, संध्याकाळपर्यंत संपेल" म्हणून ती बाटली सिंकमध्ये ओतायची नाही.

आता डिले टँक. दोन टाक्या असतात: एक भरत असते तेव्हा दुसरी झाकून ठेवलेली असते. पहिली भरली की दुसरी रिकामी करून पाणी तिकडे वळवायचं. म्हणजे थांबायला मिळणारा वेळ टाकी भरायला लागणाऱ्या वेळाइतकाच असतो, आणि तो ठरतो पाण्यावर.

दोन बेड, आठवड्याला चार रुग्ण, प्रत्येकाला ३.७ गिगाबेकरेल म्हणजे १०० मिलिक्युरी धरू. थायरॉइड काढलेल्या रुग्णात पहिल्या दोन दिवसांत साधारण ८० टक्के लघवीवाटे बाहेर पडतं. दर बेडमागे रोज १०० लिटर पाणी आणि आठवड्याचे पाच दिवस धरले तर आठवड्याला १,००० लिटर. ६,००० लिटरची टाकी सहा आठवड्यांत भरते. तोवर २४ रुग्णांचं ७१ गिगाबेकरेल तिच्यात आलं, पण भरता भरताच बरंच जिरल्याने टाकी बंद होताना सुमारे १९ उरतं. पुढचे ४२ दिवस थांबलात तर अर्ध्या गिगाबेकरेलवर येतं. सहा घनमीटरने भागलं तर घनमीटरला ८४ मेगाबेकरेल. ड्रेनेजमध्ये सोडायची आयोडीन-१३१ ची मर्यादा मासिक सरासरीने घनमीटरला २२.२ मेगाबेकरेल आहे. म्हणजे ही टाकी पुरत नाही. अजून सोळा दिवस हवेत, आणि तेवढ्यात भरत असलेली टाकी ओसंडून वाहील.

तीच टाकी, तेच रुग्ण, फक्त पाणी दर बेडमागे ६० लिटरवर आणा. आता टाकी दहा आठवड्यांत भरते. बंद होताना पुन्हा साडेएकोणीस गिगाबेकरेलच, पण थांबायला ७० दिवस मिळतात आणि शेवटी घनमीटरला आठ मेगाबेकरेलच्या आत येतं. पाणी कमी झालं म्हणून द्रावण घट्ट झालं, तरी वेळेने त्याच्यावर मात केली. माझं मत विचाराल तर पैसे टाकीच्या आकारावर घालण्याआधी कमोडवर घाला: कमी पाण्याचा फ्लश, सेन्सरचा किंवा मोजून सोडणारा नळ, आणि आंघोळीला शॉवरऐवजी बादली. गळका फ्लश हा या सगळ्याचा शत्रू. दहा मिनिटांना एक लिटर गळणारी फ्लशची टाकी दिवसाला १४४ लिटर घालवते, म्हणजे दोन जास्तीचे बेड, आणि ते शनिवार-रविवारीही भरलेले.

बांधकामाच्या बाबतीत थोडक्यात. कमोडपासून टाकीपर्यंतचा पाइप शक्य तितका आखूड, सरळ, उताराचा. प्रत्येक वळणावर आणि ट्रॅपमध्ये गाळ साचून किरणोत्सर्गाचा ठिपका तयार होतो. पाइप जिथून जातो त्या भिंतीपलीकडे कुणाचं टेबल नसावं. टाकी गंजणार नाही अशी, आतून गुळगुळीत, कुलूपबंद जागेत, पातळी दाखवणाऱ्या काट्यासह आणि भरत आल्यावर वाजणाऱ्या अलार्मसह. नमुना घ्यायला वेगळा नळ हवा, झाकण उघडून डबा बुडवायची पद्धत नको. सोडण्याआधी टाकीतलं पाणी पंपाने ढवळून नमुना घ्यायचा आणि वेल काउंटरमध्ये (लहान नमुन्याचा किरणोत्सर्ग मोजायच्या उपकरणात) मोजायचा. न ढवळता वरचं पाणी घेतलं तर स्वच्छ दिसतं आणि जे मोजायचं ते तळाच्या गाळात राहतं. टॉयलेट पेपर, सॅनिटरी पॅड, वेट वाइप्स कमोडमध्ये जाऊ देऊ नका. तुंबलेली लाइन उघडायला येणारा प्लंबर हा त्या दिवशी सर्वांत जास्त डोस घेणारा माणूस ठरतो.

नकाशा एईआरबीकडे पाठवण्याआधी एक स्वस्तातलं काम करा. ज्या दोन खोल्या थेरपीसाठी ठरल्या आहेत त्यांच्या पाण्याच्या लाइनवर आत्ताच मीटर बसवा, तिथे महिनाभर साधेच रुग्ण ठेवा आणि रोज सकाळी आठला वाचन लिहा. रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळातलं वाचन वेगळं घ्या. त्या सहा तासांत काटा सतत सरकत असेल तर आधी फ्लश बदला, मग टाकीचं माप काढायला बसा.